बाटली सातारला पोचेपर्यंत : घरची पाणीतपासणी आणि प्रयोगशाळेची

विषय जरा रुक्ष आहे, म्हणून सुरुवात एका खेळानं करू. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हा खेळ स्वतःच्या घरात बघितलेला असणार. दारावर एक चुणचुणीत पोरगा येतो. इन केलेला शर्ट, खांद्याला बॅग. "काकू, दोनच मिनिटं, पाणी चेक करून देतो, फुकट आहे." मग तो दोन ग्लास मागतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या दांड्या बुडवतो, पिन लावतो, बटण दाबतो. मिनिटभरात तुमच्या ग्लासात तपकिरी-हिरवा गाळ उसळतो आणि त्याचं पाणी तसंच नितळ राहतं. काकूंचा चेहरा पडतो. पोरगा हळूच म्हणतो, "हे तुम्ही रोज पिताय."

यात झालं काय? दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. वीज गेली की ती विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार असले तर वीज वाहते, नसले तर जवळजवळ वाहत नाही. म्हणजे तो गाळ तुमच्या पाण्यातला नव्हताच, त्याच्या दांडीतला होता. खात्री करायची असेल तर त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण पुन्हा दाबायला सांगा. पोरगा सहसा बॅग आवरायला लागतो.

हा किस्सा सांगितला की सभागृहात हशा होतो, आत्ताही झाला. आणि शिकलेली माणसं त्यातून एक निष्कर्ष काढतात: घरच्या तपासण्या म्हणजे पोरखेळ, खरं काय ते प्रयोगशाळा सांगणार. बाटली भरा, सातारला नाहीतर सांगलीला पाठवा, शिक्क्याचा कागद येईल, विषय संपला. आम्हीही बरीच वर्षं हेच मानत होतो. आज बोलायचंय ते या मानण्यावर. त्या पोराशी भांडायला कुणीही मिळेल, पण शिक्क्याच्या कागदाची उलटतपासणी कुणी करत नाही.

आधी आमचीच एक फजिती सांगतो. दहिवडीच्या पुढं एक वाडी आहे, नाव सांगत नाही. माण तालुका म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. याच जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर पावसानं चिंब झालेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला माणात टँकरची वाट बघत बायका हंड्यांची रांग लावतात. वाडीला एक विहीर, त्यावर पंप, टेकाडावर टाकी, टाकीतून नळ. पहिले दोन पाऊस झाले होते आणि लहान पोरांना जुलाब सुरू झाले. आम्ही दोघंतिघं गेलो. बरोबर काळ्या रंगाच्या तपासणीच्या बाटल्या होत्या. पाणी भरून ठेवायचं, जंतू असतील तर दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. सकाळी सातला टाकीजवळच्या नळाचं पाणी त्यातल्या एका बाटलीत भरलं आणि अंगणवाडीच्या फळीवर ठेवलं. त्याच नळाचं, त्याच वेळी, दुसऱ्या एका धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतही भरलं. ती पिशवीत घालून एसटीनं सातारला प्रयोगशाळेत पोचवली. पोचायला दुपार झाली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतली बाटली काळी ठिक्कर. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला: जंतू नाहीत, पाणी पिण्यास योग्य. आता तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल? गावानं कागदावर ठेवला. आम्हीही ठेवला. ग्रामसेवक म्हणाले, "ती बाटली गरम जागी होती, खराब झाली असंल." आम्ही माना डोलावल्या. पुढचे आठ दिवस वाडी तेच पाणी पीत होती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईनच्या बाटल्या लागत होत्या.

कोडं नंतर सुटलं आणि सुटलं ते रसायनशास्त्रानं. त्या दिवशी पहाटे जलसुरक्षकानं टाकीत ब्लिचिंग पावडर, म्हणजे आपल्या गावच्या भाषेत टीसीएल, टाकली होती. बिचाऱ्यानं आम्ही येणार म्हणूनच टाकली होती. क्लोरीनला जंतू मारायला किमान अर्धा तास तरी लागतो, गढूळ पाण्यात त्याहून जास्त. आम्ही मिसळलं न मिसळलं तोच पाणी भरलं. त्या क्षणी नळातून जिवंत जंतूही येत होते आणि क्लोरीनही येत होता. आमच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत दोघंही एकत्र एसटीत बसले. दहिवडी ते सातारा हा सगळा वेळ क्लोरीन आपलं काम करत राहिला आणि बाटली प्रयोगशाळेच्या टेबलावर पोचली तेव्हा आत खरोखरच जंतू नव्हते. प्रयोगशाळा खोटं बोलली नाही. तिनं सांगितलं ते बाटलीतल्या दुपारच्या पाण्याबद्दल. वाडी पीत होती सकाळचं.

मग अंगणवाडीतली बाटली का फसली नाही? तिच्यातल्या औषधात सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीनला जागच्या जागी निकामी करतं. पाणी आत पडलं त्या क्षणी जंतू जसे होते तसे राहिले आणि वाढले. प्रयोगशाळाही जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली देते, तिच्यातही हेच थायोसल्फेट घातलेलं असतं. ती बाटली आणायला आधी एक खेप मारावी लागते. आम्ही ती खेप वाचवली. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, अंगणवाडीतल्या बाटलीचाही नव्हता. दोष आमच्या पिशवीचा.

ही काळी पडणारी बाटली आली कुठून तेही सांगायला हवं, कारण ती परदेशातून आलेली चैन नाही. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. विष्ठेतून आलेले बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो लोहाशी मिळाला की काळा साका बनतो. सूक्ष्मदर्शक नको, वीज नको. अंगणवाडीची फळी पुरते. तिच्या मर्यादाही आहेत. काळी पडली म्हणजे जंतू किती हे ती सांगत नाही. काही खोल बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं, कुजक्या अंड्याचा वास येतो, तिथं ती उगाच काळी पडू शकते. थंडीत ठेवली तर उशिरा पडते. पण "आज हे पाणी पोरांना द्यायचं का?" या प्रश्नाला ती उद्यापर्यंत उत्तर देते. सातारचा कागद चार दिवसांनी देतो.

इथं आमचा मुख्य आक्षेप येतो. घरची तपासणी आणि प्रयोगशाळेची तपासणी यांना आपण उतरंडीवर बसवलंय. खाली कच्ची, वर पक्की. घरची म्हणजे अंदाज, प्रयोगशाळेची म्हणजे निकाल. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या प्रयोगशाळेत मोजताच येत नाहीत, कारण त्या वाटेतच उडून जातात. क्लोरीन ही त्यातली पहिली. उन्हात ठेवलेल्या बाटलीत तो टिकत नाही. सामू, म्हणजे पीएच, हीसुद्धा बरीचशी जागेवरच मोजायची गोष्ट. बोअरचं पाणी वर आलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईड निघून जायला लागतो आणि पीएच चढतो. बाटली पोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. पाण्याचा वास, रंग, गढूळपणा, विहिरीच्या कठड्याला गेलेली भेग, पंपाशेजारचा उकिरडा यांतलं काहीच बाटलीत भरून जात नाही. उलट नायट्रेट, फ्लोराईड, शिसं, कीटकनाशकांचे अंश यांचा भरवशाचा आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे ही दोन कामं आहेत. एक धाकटं आणि एक थोरलं असं काही नाही.

हे भांडण जगात सगळ्यात मन लावून कोण करत असेल तर ते घरात काचेच्या टाकीत समुद्र पाळणारे लोक. हसू नका, यात शिकण्यासारखं बरंच आहे. युरोप-अमेरिकेत लोक घरच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवतात. आपल्याकडं ते जमणार नाही आणि जमूही नये. दगडी सांगाडा करणारे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रात ते आहेत तिथंच बरे. पण त्या लोकांची पद्धत बघा. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. त्यासाठी पाण्यातली क्षारता रोज खर्च होते. समुद्रात ती साधारण 7 ते 8 जर्मन अंश असते. दोनशे लिटरच्या टाकीत ती दोन-तीन दिवसांत घसरू शकते, आणि घसरली की प्रवाळ पांढरं पडतं. म्हणून माणूस घरीच थेंब मोजत, रंग बदलेपर्यंत, क्षारता तपासतो. कुणी रोज, कुणी एक दिवसाआड.

तोच माणूस महिन्या-दोन महिन्यांनी एक छोटी नळी पाण्यानं भरून कुरियरनं प्रयोगशाळेला पाठवतो. तिथं आयसीपी नावाचं यंत्र असतं. पाण्याचा फवारा काही हजार अंशांच्या तप्त आर्गॉन वायूत सोडतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं आणि एका दमात तीस-चाळीस मूलद्रव्यांचे आकडे येतात. गंजलेल्या एखाद्या चुंबकातून किंवा पितळी जोडातून तांबं, जस्त पाण्यात उतरत असेल तर ते इथंच कळतं. घरच्या थेंबांना ते दिसणं अवघड. पण गंमत अशी की हे महागडं यंत्र नायट्रेट सांगत नाही. नायट्रोजन त्याच्या आवाक्यात नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. आणि क्षारतेचा आकडा कुरियरमधून परत येईपर्यंत टाकीतलं पाणी भलतीकडंच गेलेलं असतं. म्हणून तिथला जुना-जाणता माणूस दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवतो. एका वहीत रोजचा बदल, दुसरीत दडलेलं काय आहे ते. कोण खरं म्हणून तो भांडत बसत नाही. निदान प्रवाळ मेल्यावर तरी शहाणा होतो.

माशाच्या टाकीवाल्यांकडूनच आम्हाला एक खड्डाही कळला आणि तो आपल्या विहिरींसाठी फार महत्त्वाचा आहे. वाळव्यापासून मिरजेपर्यंतचा आपला उसाचा पट्टा घ्या. युरिया जमिनीत पडतो, पिकाला लागतो तेवढा लागतो, उरलेला पाटपाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली विहिरीत उतरतो. भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत नाही. आता तुम्ही बाजारातून नायट्रेटची पट्टी आणलीत, बुडवलीत, रंग 20 च्या खाण्याशी जुळला. म्हणालात, 45 च्या आत आहे, ठीक. पण डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघितलंत का? काही पट्ट्या नायट्रेट मोजतात आणि काही फक्त नायट्रेटमधला नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारात आकड्याला साधारण साडेचारनं गुणावं लागतं. म्हणजे तुमचे 20 हे खरे 89 झाले, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. असलं पाणी वरच्या दुधात घालून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळं पडू शकतं. आणि आजी प्रेमानं म्हणते, "पाणी उकळून दे गं." उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट आणखी घट्ट होतं.

तेव्हा घरची तपासणी फसते ती अशी, डबीवरच्या बारीक अक्षरात. प्रयोगशाळेची फसते ती दुसरीकडं, आणि त्यासाठी सांगली जिल्ह्याला फार मोठी फी भरावी लागलीय. उदाहरण पाण्याचं नाही, द्राक्षाचं आहे. पण आपल्या इथलं त्याच्याइतकं बोलकं दुसरं नाही, म्हणून घेतो. 2010 चा हंगाम आठवा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, तिकडं नाशिक, सगळीकडून कंटेनर युरोपला गेले. प्रत्येक मालाची प्रयोगशाळेत अंश-तपासणी झालेली होती, कागद होते, शिक्के होते. आणि युरोपात त्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड मर्यादेबाहेर सापडलं. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला ते वापरलं जायचं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, कर्ज काढून बाग उभी केलेली माणसं रस्त्यावर आली. आपल्या प्रयोगशाळांना ते का दिसलं नाही? यंत्रं वाईट होती म्हणून? नाही. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतं. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. न विचारलेल्या प्रश्नाला कागदावर जागाच नसते. आणि कोऱ्या जागेला आपण "काही नाही" असं वाचतो.

पाण्याच्या कागदाचंही हेच. पुढच्या वेळी गावात तो आला की बघा, काय काय तपासलंय. बहुतेक वेळा पीएच, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह, एकूण क्षार आणि जंतू. कीटकनाशक? बहुधा नाही. मग द्राक्षपट्ट्यात, जिथं औषधाच्या टाक्या विहिरीच्या काठावरच धुतल्या जातात, तिथं "पिण्यास योग्य" याचा अर्थ काय घ्यायचा? एवढाच घ्यायचा की त्या दिवशीची ती बाटली त्या आठ-दहा बाबतींत मर्यादेत होती. कागद विहिरीला प्रमाणपत्र देत नाही, बाटलीला देतो. त्यावरची तारीखही वाचा. तपासणी मे महिन्यातली असेल तर ती कोरड्या विहिरीची तपासणी आहे. जूनच्या पहिल्या पावसात शिवारातलं सगळं वाहून विहिरीत आलं की ती वेगळीच विहीर झालेली असते.

आता सरकारी बाजू. जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं आणि त्यात प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं. रसायनांची तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. शिवाय भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, माफक शुल्कात कुणीही पाणी तपासून घेऊ शकतं. कल्पना उत्तम आहे, यात आम्हाला शंका नाही. पाणी भरणारी बाई पाणी तपासणार, यापेक्षा बरं काय? पण आम्ही जिथं जिथं गेलो तिथं बघितलं काय? संच आला, प्रशिक्षण झालं, फोटो निघाला, संच ग्रामपंचायतीच्या पत्र्याखालच्या कपाटात गेला. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. रसायनं तापली की बिघडतात. संपली की पुन्हा कुणी मागवत नाही. एका गावात ताईंनी आम्हाला संच दाखवला तो सील न फोडता. "साहेब येणार होते ना, म्हणून नवा कोरा ठेवलाय."

आम्ही त्या ताईंना हसणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आकडा आल्यावर करायचं काय. नायट्रेट 60 आलं, पुढं? कुणाला फोन करायचा? कोणती विहीर बंद करायची, ती बंद केली तर बाळंतिणीच्या घरी पाणी कुठून आणायचं? याचं उत्तर नसलेली तपासणी म्हणजे नुसती काळजी वाढवायचा उद्योग. प्रयोगशाळेच्या कागदावरही शिफारशीची ओळ क्वचितच असते, असली तर इंग्रजीत असते आणि कागद ग्रामसेवकाच्या फाईलमध्ये असतो. नळावर चिकटवलेला आम्ही तरी एकदाही बघितला नाही.

याउलट एक जुनी, साधी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली तपासणी आहे. ओटी. परीक्षानळीत पाणी घ्या, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. रंग लगेच बघायचा. थांबलात तर सावकाश काम करणारा संयुक्त क्लोरीनही रंग भरतो आणि आकडा फुगतो. आणि हे रसायन अंगाला चांगलं नाही, म्हणून आता गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी वापरणं बरं. टाकीत पावडर टाकली हे महत्त्वाचं नाही. ती टाकण्याचं माप साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, तेही चांगल्या पावडरीचं. उघड्या पोत्यात, ओलीत ठेवलेल्या पावडरीत क्लोरीन उरलेला नसतो, टाकणारा चुना टाकत असतो. महत्त्वाचं हे की नळाच्या अगदी शेवटच्या घरात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन पोचला का. हे सातारची प्रयोगशाळा सांगू शकत नाही, सांगलीचीही नाही. पोचला की नाही हे शेवटच्या घरातच, त्याच सकाळी कळतं. आणि बहुतेक गावांत ओटी घेतात कुठं? टाकीखालच्या नळावर, म्हणजे जिथं तो असणारच. वहीत रोज "पॉझिटिव्ह".

सांगलीकरांना याची किंमत वेगळी सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. विहिरी, बोअर, गटारं, गोठे सगळं एका पाण्याखाली. रस्ते बंद. त्या आठवड्यात कुणी बाटली भरून कुठं नेणार होतं? नेली असती तरी जंतूंची वाढ बघायला प्रयोगशाळेला किमान एक-दोन दिवस लागतातच. ते नियमानं कमी होत नाहीत, जंतू आपल्या वेगानंच वाढतात. पुरात कामाला येते ती हातातली क्लोरीनची गोळी, डबीतली पावडर आणि रंग बघायची नळी. पूर ओसरल्यावर, विहीर उपसून, पावडर टाकून झाल्यावर मग प्रयोगशाळेची वेळ येते. तेव्हा मात्र ती लागतेच.

आता चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन-तीन घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, नमुना घ्यायचा कसा? जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आणा. नळाला फडकं बांधलेलं असेल तर आधी ते काढा, अर्धे जंतू तिथंच राहतात. दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या. झाकणाच्या आत बोट लावू नका, बाटली काठोकाठ भरू नका, वर थोडी हवा राहू द्या. बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, फार तर चोवीस तासांत. रसायनांची बाटली मात्र उलट, काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा नको. दोन बाटल्या, दोन पद्धती. आम्ही एकीच्या पद्धतीनं दुसरी भरली, त्याचं काय झालं ते ऐकलंतच. आणि बाटलीवर तारीख लिहिता तशी वेळही लिहा, पावडर कधी टाकली तेही लिहा.

दुसरी चिठ्ठी. "घरात काय काय ठेवू?" नळयोजना असेल तर क्लोरीन बघायची गोळी किंवा थेंब. स्वतःची विहीर असेल तर पहिल्या पावसानंतर काळ्या पडणाऱ्या दोन-तीन बाटल्या. वर्षातून एकदा प्रयोगशाळेत नायट्रेट आणि फ्लोराईड, घरात बाळ येणार असेल तर बाळ यायच्या आधी.

तिसरी चिठ्ठी जरा रागानं लिहिलेली दिसते. "टीडीएसचं पेन आठशे रुपयांना घेतलंय, ते आता फेकून देऊ का?" नको, फेकू नका. ते पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि एका ठरावीक अंकानं गुणून क्षार दाखवतं. जंतू, नायट्रेट, औषधाचे अंश यातलं काहीच त्याला वेगळं दिसत नाही, म्हणून 150 दाखवलं की पाणी शुद्ध असं समजू नका. तीनशे-चारशे दाखवलं म्हणून घाबरून आरओ बसवायचीही गरज नाही. मानकात 500 पर्यंत काही हरकत नाही, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. आणि जिथं 500 पेक्षा कमी आहे तिथं पाणी वाया घालवणारे आरओ नकोत असं राष्ट्रीय हरित लवादानंही मे 2019 मध्ये म्हटलं होतं. पण तुमचं शिवार कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठी, चोपण होत चाललेल्या जमिनीत असेल, तर ते पेन विहिरीवर न्या. दर रविवारी एकाच वेळी, पंप दहा मिनिटं चालू झाल्यावर आकडा बघा आणि वहीत लिहा. दोन हंगामांत तो चढत गेलेला दिसला तर ती वही घेऊन माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत न्या, आणि तिथल्या माणसाला सोडियम किती आणि कॅल्शियम किती, हे वेगवेगळं विचारा. जिप्सम टाकायचं की नाही ते त्यावर ठरतं. वही बरोबर न्यायला विसरू नका, नाहीतर ते लोकही एका बाटलीवरूनच सांगणार.